वाडग्याच्या बुडासाठी व्हॅक्युम चक: विकत घ्यावा की इथंच बनवावा?

नंदगडकर

मंडळी, सल्ला हवाय.

आमच्या घरामागचा फणस मागच्या पावसाळ्यात पडला. आजोबांच्या हातचं झाड. विकायला मन होईना, म्हणून ओंडके करून टोकांना मेण फासलं आणि पडवीत रचून ठेवले. आता लेथवर त्याचे वाडगे काततोय. भावकीतल्या प्रत्येक घराला एक द्यायचा असं ठरलंय. अकरा झाले, सहा राहिलेत.

अडचण बुडाची आहे. वाडगा आतून-बाहेरून झाला की चकात (लेथवर लाकूड पकडणाऱ्या भागात) धरायला बुडाशी ठेवलेला टेनन, म्हणजे छोटा गोल खुंट, काढावा लागतो. आजवर मी जॅम चकवर काढला, म्हणजे ठोकळ्याला खाच मारायची आणि वाडग्याची कड त्यात दाबून बसवायची. परवा नववा वाडगा त्यातून सुटला, भिंतीवर आदळला आणि कडेचा चतकोराएवढा तुकडा उडाला. फणस सुकताना लंबगोल होतो, गोल खाचेत तो नीट बसतच नाही.

व्हॅक्युम चक, म्हणजे आतली हवा काढून वाडगा धरून ठेवणारा चक, हा उपाय दिसतोय. तयार परदेशी संच पाहिला. पंप, फिरता जोड, ओढ दाखवणारं गेज असं सगळं धरून किंमत माझ्या लेथच्या जवळपास जाते. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात कुणी बनवलाय का? पंप कुठला घेतला?

मेघा_टिळकवाडी

मी विकतचा घेतला, दोन वर्षं वापरतेय. ज्यांना यंत्राच्या खटपटीत वेळ घालवायचा नाही त्यांनी विकतच घ्यावा. आला त्या दिवशी संध्याकाळी मी पहिलं बूड काढलं.

एक शंका मात्र आजपर्यंत मनात आहे. पंपाच्या माहितीपत्रकात पाऱ्याच्या ७५० मिलिमीटरपर्यंत ओढतो असं लिहिलंय. माझ्याकडे गेज ६८० च्या वर कधीच गेलं नाही. विक्रेत्याशी तीनदा भांडले, त्याने एकदा पंप बदलूनही दिला. तरी तेच.

उद्यमबागचा_टर्नर

नंदगडकर, पंपाचं नंतर बघू. आधी सांगा, तुमच्या लेथचं स्पिंडल (चक बसतो तो फिरता दांडा) आरपार पोकळ आहे का? पुढचं सेंटर (लाकूड धरणारं टोक) काढताना मागच्या चाकाकडून गज घालून ठोकता, की पुढून पाचर मारून काढता? गज जात असेल तर निम्मं काम झालं. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या लेथना भरीव स्पिंडल असतं, मग हवा ओढणार कुठून?

भरीव निघालं तरी घाबरू नका. स्पिंडल काढून आणा. मेटल लेथवर दोन्ही बाजूंनी १० मिमीचं भोक घेऊन मध्ये मिळवता येतं. घाई केली तर ड्रिल वाकडं जातं, म्हणून दर अर्ध्या इंचाला बाहेर काढून बुरा साफ करायचा.

गोठा_संकेश्वर

दादा, माझा गोठा हाय, सात म्हशी. दूध काढायचं मशीन हाय नव्हे, त्याचाच पंप मी लेथला जोडलो. नवीन काय घ्यायलाच लागलं नाही. सकाळ-संध्याकाळ म्हशी, दुपारी वाडगे. तुम्ही लांबलांब कशाला हुडकालाय?

पुणे_लेथ

दूध काढायच्या पंपावर वाडगा धरायचा, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. म्हशीची हरकत नसेल तर माझीही नाही. :)

पण नंदगडकर, मूळ प्रश्नावर माझं मत वेगळं आहे. सहा वाडग्यांसाठी एवढा पसारा कशाला? जॅम चक शेकडो वर्षं चालत आलाय. खाचेत फडक्याचा तुकडा घाला, मागून टेलस्टॉक (लेथच्या दुसऱ्या टोकाचा सरकता आधार) लावा आणि शेवटचा बोटभर जाडीचा अवशेष पटाशीने काढून घासा. वाडगा उडाला तो टेलस्टॉक लवकर काढल्यामुळे.

कातारी_निपाणी

पुणेकरांचं बरोबर आहे आणि नाहीही. आमच्या घरात तीन पिढ्या कातकाम. पाळण्याचे खांब, लाटणी, रव्या, सगळं दोन सेंटरांच्या मध्ये. तिथं व्हॅक्युमचं काही काम नाही. वडिलांनी जॅम चकवर शिसवीचे करंडे काढलेत, बुडाला एक ओरखडा नाही.

खरं शिसवी सुकली की सुकली, जागची हलत नाही. नंदगडकरांचा फणस ओला कातून सुकवलेला आहे. त्याची कड एका बाजूला अर्धी सूत जास्त असणार. तिथं खाच कितीही चांगली मारा, चार ठिकाणी टेकेल, चार ठिकाणी पोकळ राहील. अशा वाडग्याला आतून मऊ रबरावर ओढून धरणारं काहीतरी पाहिजेच. मी स्वतः वापरत नाही, पण गरज कुठं आहे ते मला दिसतंय.

चिकोडीचे_मास्तर

मेघाताई, तुमचा पहिला पंपही चांगला होता. दोष हवेच्या वजनात आहे.

पंप वाडग्याला 'ओढतो' असं आपण म्हणतो, पण धरून ठेवते ती बाहेरची हवा. आतली हवा काढली की बाहेरची हवा वाडग्याला चकवर दाबते. समुद्रकाठी हा दाब पाऱ्याच्या ७६० मिमी इतका असतो. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथं डोक्यावरची हवाच कमी, म्हणून दाब ६९५ च्या आसपास भरतो. जगातला कुठलाही पंप आणा, बेळगावात गेज ६९५ च्या पुढे जाणार नाही. तुमचं ६८० म्हणजे पंप उत्तम आहे.

वर्गात शिकवताना मी नेहमी जर्मनीतल्या मागडेबुर्गच्या गेरिकेचा प्रयोग सांगायचो. १६५० च्या दशकात त्याने दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना नुसते टेकवले, आतली हवा काढली आणि दोन्हीकडून घोडे लावले. गोल सुटेनात. नंतर तोटी उघडून हवा आत सोडली, तर हाताने सुटले. तुमचा व्हॅक्युम चक तोच प्रयोग आहे, फक्त घोड्यांच्या जागी पटाशी आहे.

आता हिशेब. ५०० मिमी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.६८ किलो. चकाचा व्यास १५ सेंमी असेल तर क्षेत्रफळ १७७ चौ. सेंमी, म्हणजे १२० किलो जोर. सिमेंटची जवळजवळ अडीच पोती वाडग्यावर बसली असं समजा. व्यास निम्मा, ७.५ सेंमी, केला तर जोर निम्मा राहत नाही, पाव राहतो: ३० किलो. चक बनवताना वाडग्यात बसेल तेवढा मोठा घ्या, तो याचसाठी.

मेघा_टिळकवाडी

मास्तर, दोन वर्षं डोक्यात असलेला किडा तुम्ही काढलात. त्या विक्रेत्याला आजच फोन करून सांगते, त्याचा काही दोष नव्हता.

सावंतवाडीकर

म्हणजे घाट उतरून आमच्याकडे आल्यावर मेघाताईंचा तोच पंप ७४० दाखवेल! पुढच्या वेळी आंबोलीमार्गे येताना गेज गाडीत घेऊन या.

आमच्याकडे लाकडी फळं-खेळणी करणाऱ्यांना याची गरज पडत नाही, वस्तू छोटी असते. पण मोठे ताट-वाडगे करणारे दोघंतिघं विचारत असतात. धागा त्यांना पाठवतोय.

हिंडलग्याचा_अमोल

भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर का नको? फुकट मिळतो, आवाज नाही, आणि गेजवर सहाशेच्या वर जातो. मी करून पाहिलंय.

उद्यमबागचा_टर्नर

अमोल, गेजवर जातो, मान्य. पण तुम्ही पाइपच्या तोंडावर बोट ठेवून पाहिलंत ना? बोटातून हवा गळत नाही. लाकडातून गळते. फ्रिजचा कॉम्प्रेसर जोर भरपूर लावतो, पण मिनिटाला हवा फार थोडी उचलतो. फणसाचा वाडगा लावला की सहाशेचं दोनशे होईल. शिवाय त्यातलं तेल हवेबरोबर बाहेर पडत राहतं, मग एक दिवस जाम.

आणि मित्रा, फ्रिज स्वतः कापू नकोस. गॅस मेकॅनिककडून काढून घ्यायचा. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए असतो आणि तो पेट घेतो.

एसीवाल्यांचा गॅस भरायचा पंपही लोक घेतात. तो चालतो, पण गळणारी हवा सतत ओढत राहिला की मागून तेलाचा धूर सोडतो. वर्कशॉप बंदिस्त असेल तर डोकं धरतं. लाकडाला लागतो तो मध्यम ओढीचा, पण भरपूर हवा उचलणारा पंप. त्या हिशेबाने संकेश्वरवाल्यांची निवड मला पटते. त्यांनी जरा तपशील द्यावा.

गोठा_संकेश्वर

देतो की ओ. माझा पंप एक एचपी, कोरडा, आत ग्राफाइटच्या पट्ट्या हायत, तेल घालायचं काम नाही. पाटीवर मिनिटाला १७० लिटर लिहिलंय. त्याला रेग्युलेटर हाय, तो ३८० ला बसवलेला. त्याच्यावर गेला की आपोआप हवा आत घेतंय, म्हणजे म्हशीच्या सडाला त्रास नाही. मी तो तसाच ठेवलो. वाडग्यालाबी तेवढं पुरतंय.

एक चूक केलतो सुरवातीला. पंपाला फिल्टर लावलो नव्हतो. लाकडाचा बारीक भुसा आत गेला, पट्ट्या घासल्या आणि पंप खरखर करायला लागला. संध्याकाळी म्हशी तशाच उभ्या, हातानं काढलो दूध. आता मध्ये गाडीच्या पेट्रोलचा पारदर्शक फिल्टर हाय. भुसा दिसतंय, भरला की बदलतो.

पुणे_लेथ

जॅम चकबद्दलचं माझं म्हणणं मी सोडत नाही. पण लंबगोल वाडग्याचा निपाणीकरांचा मुद्दा मान्य. एक विचारतो: मध्येच लाईट गेली तर? जॅम चक लाईटवर चालत नाही.

मेघा_टिळकवाडी

हा प्रश्न विचारायलाच हवा होता. माझ्याबाबतीत हे झालंय. आंब्याचा मोठा वाडगा, मिनिटाला ६०० फेऱ्यांवर, आणि लाईट गेली. लेथ लगेच थांबत नाही, वजनामुळे दहा-बारा सेकंद फिरत राहतो. पंप मात्र थांबल्या क्षणी हवा आत यायला लागली. वाडगा निघाला, लेथच्या बेडवर आपटला आणि माझ्या हातावरून गेला. तोंडावर जाळीचं नाही, पूर्ण काचेचं कवच होतं म्हणून तोंड वाचलं. मनगट दोन आठवडे सुजलं होतं.

त्यानंतर तीन गोष्टी केल्या. पंप आणि चक यांच्यामध्ये जुन्या कॉम्प्रेसरची २० लिटरची टाकी बसवली. टाकी आणि पंपाच्या मध्ये एकाच दिशेने हवा जाऊ देणारा वाल्व बसवला. आता लाईट गेली की टाकी काही वेळ ओढ धरून ठेवते, तेवढ्यात लेथ थांबतो. आणि टेलस्टॉक शेवटच्या कातणीपर्यंत लावून ठेवते. पुणेकर, या बाबतीत तुमचं शंभर टक्के खरं.

गोठा_संकेश्वर

ताई, आमच्याकडं दुसरी गंमत होतंय. थ्री फेजमधला एकच फेज जातो. लेथ एका फेजवर, पंप दुसऱ्यावर असला तर पंप बंद आणि लेथ चालूच! म्हणून दोन्ही एकाच बोर्डावर ठेवायचं. मेले तर दोन्ही मरू देत.

उद्यमबागचा_टर्नर

हे लाख मोलाचं बोललात.

टाकीबद्दल एक सूचना. प्लास्टिकचा कॅन किंवा पाण्याचं बॅरल टाकी म्हणून लावू नका, बाहेरच्या दाबाने चेपतं. लोखंडी टाकीच घ्या.

नंदगडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. स्पिंडल तपासलं, गज आरपार जातो, १० मिमीचं भोक आहे! वापरलेला दूध काढायचा पंप निपाणीच्या बाजूला एका शेतकऱ्याकडे मिळतोय, तो बघायला रविवारी जातो. आता फिरत्या जोडाचं कुणीतरी सांगा. पाइप स्थिर आणि स्पिंडल फिरतंय, मध्ये हवा गळू न देता जोडायचं कसं?

उद्यमबागचा_टर्नर

सोपं आहे. ६००१ नंबरचं बेअरिंग घ्या, पण मागे टू-आरएस लिहिलेलं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील. झेडझेड लिहिलेलं पत्र्याच्या झाकणाचं घेऊ नका, त्यातून हवा सरळ जाते. बेअरिंगचं आतलं भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास २८.

ॲल्युमिनियमचा एक खुंटा कातायचा: एक टोक १० मिमीच्या भोकात ओ-रिंगसह घट्ट बसेल असं, दुसरं टोक १२ मिमी, त्यावर बेअरिंग चढवायचं. खुंट्याच्या मधून ६ मिमीचं भोक. बेअरिंगच्या बाहेरून एक टोपी बसवायची, तिला मागून न्यूमॅटिकची ८ मिमी पाइपची जोडणी. टोपी स्थिर, खुंटा फिरता. हे काम कुठल्याही टर्नरला दाखवलं तर अर्ध्या दिवसात होतं. माझ्याकडे आणलंत तर चहा तुमचा.

पुढच्या बाजूला चक आणि स्पिंडलच्या खांद्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला. आट्यांमधून हवा येते, हे लोक विसरतात आणि मग पंपाला नावं ठेवतात.

हिंडलग्याचा_अमोल

आणि चक कशाचा? एमडीएफचा (दाबलेल्या भुशाच्या फळीचा) केला तर?

मेघा_टिळकवाडी

एमडीएफ अंगातून हवा पिते. चपड्याचं (लाखेचं) पॉलिश तीन-चार हात द्यावं लागतं, तेही सगळीकडून, भोकाच्या आतूनसुद्धा.

कातारी_निपाणी

गळती शोधायला उदबत्ती लावा. दिवा-बत्ती बंद, खिडकी बंद, पंप चालू. उदबत्ती जोडाभोवती हळू फिरवायची. जिथं धूर सरळ वर जायचं सोडून आत वळतो, तिथं गळती. ही युक्ती मी पंपासाठी नाही, लाखेच्या भट्टीच्या झाकणासाठी वापरतो. चालेल.

पुणे_लेथ

(तीन आठवड्यांनी) नंदगडकर, काय झालं पुढे? धागा अर्धवट ठेवू नका.

नंदगडकर

उशीर झाला, माफ करा. लावणी सुरू होती.

पंप आणला. पट्ट्या नवीन घातल्या. फिरता जोड उद्यमबागच्या दादांनी करून दिला आणि चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. चक ११० मिमीच्या सांडपाण्याच्या पीव्हीसी पाइपचा केला. चार बोटं लांबीचा तुकडा, प्लायच्या गोल फळीला एम-सीलने बसवला, फळीला मागून लोखंडी फेसप्लेट, म्हणजे स्पिंडलवर बसणारी तबकडी. पाइपच्या कडेला चपलांच्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या ईव्हीए शीटची पट्टी. मऊ, पण पाणी न शोषणारं. आधी गादीतला स्पंज लावला होता, त्यातून हवा चाळणीसारखी येते.

पहिल्यांदा घरातलं स्टीलचं ताट लावून पाहिलं. गेज ३१०. उदबत्ती फिरवली तर फळीच्या कडेला, प्लायच्या थरांमध्ये धूर सुळकन आत गेला. कडेला पातळ फेव्हिक्विक सोडलं आणि वरून चपडा. मग ३८०, रेग्युलेटरची मर्यादा.

नंतर वाडगा. ताट काढून वाडगा टेकवला तेव्हा पंपाचा आवाजच बदलला, मोकळी घरघर होती ती एकदम खोल, दाबलेली झाली. आवाजावरूनच कळतं, बसला की नाही. पण गेज १९० वर अडकलं. भिंतीच्या एका बाजूला केसाएवढी चीर होती, फणस सुकताना पडलेली. नजरेला दिसत नव्हती, धुराला दिसली. बाहेरून रुंद चिकटपट्टी लावली, ३४० झालं. मास्तरांच्या हिशेबाने ११० मिमीच्या चकवर ते ४४ किलो होतात. एक पोतं सिमेंट म्हणा. ५०० फेऱ्या, टेलस्टॉक शेवटपर्यंत, धारदार बोल गाऊज (वाडगे कातायची गोल पटाशी) आणि हलके हात. टेननची शेवटची सुपारीएवढी गाठ उरली तेव्हा टेलस्टॉक मागे घेतला आणि ती दोन कातणींत काढली. बुडाला हात लावला, मध्ये कुठंही उंचवटा लागला नाही.

चिकोडीचे_मास्तर

शाब्बास. एक काळजी घ्या. पुढे कधी मोठा पंप आणि मोठा चक केलात, तर पातळ वाडग्यावर पूर्ण ओढ देऊ नका. २५ सेंमी व्यासावर ५०० मिमी म्हणजे ३३० किलोंच्या वर जातं. तीन मिमी जाडीचं बूड आत फुटू शकतं. पाइपमध्ये एक छोटी तोटी ठेवा, थोडी उघडली की बाहेरची हवा आत येते आणि ओढ हवी तेवढी ठेवता येते.

गोठा_संकेश्वर

तुमचा रेग्युलेटर हाय तोपर्यंत ती काळजी नाही. म्हशीसाठी केलेलं हाय ते, सांभाळूनच ओढतंय.

नंदगडकर

तोटी तरीही बसवली, मास्तर. सहा राहिलेले आणि तो कड उडालेला नववा, सगळे या चकवर पूर्ण केले. नवव्याची फुटलेली कड खाली कातून घेतली. आता तो वाडगा राहिला नाही, उथळ ताटली झाली. ती आईने देवघरात फुलांसाठी ठेवलीय.

सावंतवाडीकर

ईव्हीए किती जाडीचा घेतलात? इथल्या एकाला सांगायचंय.

नंदगडकर

सहा मिलिमीटर. आधी तीन घेतला होता, लंबगोल वाडग्याला तो पुरत नाही. आणि पट्टीचा सांधा तिरका कापा, सरळ कापला तर तिथंच धूर आत जातो.